महागलेला बर्फ

ब्रिटनकडे आल्प्स नाहीत. स्कॉटलंडमध्ये स्कीइंगची पाच केंद्रं आहेत, पण तिथला बर्फ बेभरवशाचा. एखाद्या आठवड्यात छान पडतो आणि पुढच्या आठवड्यात पाऊस तो धुऊन नेतो. तरीही उतारावरून शर्यतीने स्की करण्याच्या खेळाला नियम घालून दिले ते ब्रिटिशांनी, आणि तेही दुसऱ्यांच्या डोंगरांवर. 1911 साली स्वित्झर्लंडमधल्या मोंतानाला एक डाउनहिल शर्यत झाली. तिच्या चषकाला नाव होतं लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदहार यांचं. जन्म कानपूरचा, आणि 1880 मध्ये काबूलहून कंदहारवर फौज घेऊन गेलेले हे सेनापती. आल्प्समधल्या शर्यतींना आणि उतारांना आजही कंदहार हे नाव सापडतं ते त्यांच्यामुळे. पुढे 1922 मध्ये म्युरेनला आधुनिक स्लॅलमची पहिली शर्यत भरवली अर्नोल्ड लन यांनी, आणि ते जन्मले होते मद्रासला. थोडक्यात, हा साहेबांचा खेळ होता आणि त्यामागे साम्राज्याचा पैसा होता.

माझ्या जिव्हाळ्याचा भाग त्यानंतरचा आहे. हा खेळ हळूहळू कारकून, शिक्षक, नर्सेस यांच्यापर्यंत उतरला. ती वाट आता पुन्हा बंद होऊ लागली आहे, आणि ते बघताना मला मनापासून वाईट वाटतं.

त्या वाटेची सुरुवात एका मुलीपासून करता येईल. एर्ना लो ही व्हिएन्नाची तरुणी लंडनमध्ये शिकत होती. घरी जाऊन आईला भेटायची ओढ होती, भाड्याला पैसे नव्हते. 1932 मध्ये तिने ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये छोटी जाहिरात दिली: पंधरा दिवस ऑस्ट्रियात, रेल्वे, हॉटेल आणि स्की शिकवणीसह 15 पौंडांत. लोक आले, तिचा प्रवास निघाला, आणि त्यातूनच पुढे सहलींची मोठी कंपनी उभी राहिली. युद्धानंतर, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, शॅलेची पद्धत रुजली. आल्प्समधलं लाकडी घर भाड्याने घ्यायचं, दहाबारा अनोळखी लोकांना एका छपराखाली उतरवायचं आणि त्यांच्या जेवणाखाणाची जबाबदारी दोन तरुण मुलींवर सोपवायची. हॉटेलपेक्षा स्वस्त आणि हॉटेलपेक्षा जास्त गप्पा.

1966 मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने परदेशी जाणाऱ्याला सुट्टीसाठी 50 पौंडांचंच परकीय चलन नेता येईल असा नियम केला. ज्यांच्या घरातली माणसं त्या काळात तीन पौंड खिशात घेऊन मुंबईहून विलायतेला निघाली, त्यांना 50 हा आकडा चैनीचा वाटेल. पण ब्रिटिश मध्यमवर्गाला तो जाचक होता, आणि तरीही लोक स्कीइंगला गेले. 1970 मध्ये तो नियम गेला. 1978 पासून बीबीसीवर ‘स्की संडे’ सुरू झालं, आणि ज्यांनी कधी बर्फात पाय ठेवला नव्हता अशी घरं रविवारी संध्याकाळी शर्यती बघू लागली. नव्वदच्या दशकात स्वस्त विमानं आली. जिनिव्हाचं तिकीट मँचेस्टर ते लंडन रेल्वेच्या तिकिटापेक्षाही कमी पडू शकत होतं.

आता आजचा हिशेब. तो चौघांच्या कुटुंबाचा मांडते, कारण एकट्या तरुणाला जानेवारीच्या मधल्या आठवड्यात अजूनही काहीतरी जमवता येतं. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना फेब्रुवारीतली हाफ टर्मच गाठावी लागते. इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांना तेव्हा एकाच आठवड्यात सुट्टी असते. फ्रान्समध्ये सुट्ट्या तीन विभागांत वाटून दिल्यात, पण त्यांचेही आठवडे त्याच सुमाराचे. त्यामुळे विमान, खोली, बस, शिकवणी सगळ्यांचे दर एकदम चढतात. मुलाला शाळा बुडवून नेलं तर इंग्लंडमध्ये दंड आहे. ऑगस्ट 2024 पासून तो प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे 80 पौंड झाला. आईवडील आणि दोन मुलं म्हणजे 320 पौंड. अनेक घरांत हा दंडही सहलीच्या खर्चातच धरतात, कारण फरक त्याहून मोठा असतो. या पालकांना दोष द्यायला माझं मन होत नाही.

मग लिफ्टचा पास. फ्रान्समधल्या त्रुआ व्हॅलेत 600 किलोमीटर लांबीचे उतार आहेत. तिथला मोठ्या माणसाचा सहा दिवसांचा पास आता साडेतीनशे युरोंच्या वर आहे. अमेरिकेतल्या व्हेलमध्ये तर गर्दीच्या दिवशी खिडकीवर घेतलेलं एका दिवसाचं तिकीट 300 डॉलरांच्या पुढे जातं, आणि व्हेल चालवणारी कंपनी आता स्वित्झर्लंडमध्येही पोचली आहे: 2022 मध्ये आंडरमाट, 2024 मध्ये क्रान्स-मोंताना. काही ठिकाणी विमानाच्या तिकिटासारखे मागणीप्रमाणे बदलणारे दर लागू झालेत. लवकर पैसे भरू शकणाऱ्याला सवलत मिळते, आणि पगाराची वाट बघणारा जास्त मोजतो. शिवाय स्की आणि बूट भाड्याने, मुलांची शिकवणी, विमा, विमानात स्की न्यायचे वेगळे पैसे, आणि डोंगरावरचं जेवण. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात चौघांचा खर्च पाच हजार पौंडांवर सहज जातो. आपल्या हिशेबात जवळपास सहा लाख रुपये. इथे ब्रिटनमध्ये महागाई वजा जाता पगार 2008 नंतर वाढलेच नाहीत म्हटलं तरी चालेल, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं.

पौंड घसरला, हाही मोठा भाग. 2007 मध्ये एका पौंडाला जवळजवळ 2.40 स्विस फ्रँक मिळायचे, आता एकाहून जरा जास्त. म्हणजे 24 फ्रँकांचं जेवण तेव्हा 10 पौंडांत व्हायचं. स्विस हॉटेलवाल्याने दर एका पैशाने वाढवला नसता तरी आज तेच 20 पौंडांच्या वर जातं.

हवामानाची गोष्ट सगळ्यात कठीण आहे, कारण तिच्यावर तातडीचा उपाय नाही. कमी उंचीवरची गावं स्वस्त असायची. नवशिके, शाळेच्या सहली, बेताच्या पैशांची कुटुंबं तिथे जायची. आता त्याच गावांत बर्फ टिकत नाही. 2022च्या डिसेंबरअखेरीला आल्प्समध्ये हिरव्या गवतातून बर्फाची एक चिंचोळी पांढरी पट्टी जाताना आणि तिच्यावर माणसं दाटीने स्की करताना जगाने पाहिली. बर्फ हवा असेल तर उंच जायचं, आणि उंचावर जागा कमी, भाव जास्त. कृत्रिम बर्फाला पाणी आणि वीज लागते, आणि त्यांचं बिल शेवटी पासातच येतं.

स्वस्तात जायचं म्हणून इथले लोक गेली कित्येक वर्षं बल्गेरियाचं बान्स्को धरून आहेत. ब्रिटिश पोस्ट ऑफिसची चलन शाखा दरवर्षी स्की गावांच्या किमतींची तुलना करते, त्यात बान्स्कोचं नाव वारंवार खालच्या दरांत येतं. 1 जानेवारी 2026 पासून तिथेही युरो आला आहे. भाव कुठे जातात ते दिसेलच.

पण या सगळ्यात एक महागाई माणसांनी स्वतःच्या निर्णयाने आणली, आणि माझा राग तिच्यावर आहे. ती शॅलेची.

शॅलेत काम करणाऱ्या मुलीचा दिवस कसा असतो ते सांगते. सहाला उठून पॉरिज शिजत ठेवायचं, अंडी, बेकन, टोस्ट. पाहुणे जेवतात तोवर दुपारचा केक ओव्हनमध्ये. साडेनऊला घर रिकामं झालं की बाथरूम घासायच्या, टॉवेल बदलायचे, बुटांच्या खोलीतलं पाणी पुसायचं. अकरापासून साडेतीनपर्यंत डोंगर तिचा. चारला लोक थकून येतात तेव्हा चहा आणि केक टेबलावर हवा. मग रात्रीचं तीन पदार्थांचं जेवण, वाइन, भांडी. शनिवारी जुने पाहुणे पहाटेच्या बसने जातात आणि नवे संध्याकाळी येतात. मधल्या वेळात सगळ्या चादरी बदलायच्या. पगार खिशाला पुरेल एवढाच, पण राहणं, जेवण, लिफ्टचा पास फुकट. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना जे आयुष्यात कधी परवडले नसते त्या डोंगरांवर चार महिने मिळायचे. दहा जणांचा स्वयंपाक, वेळ पाळणं, चिडलेल्या माणसाशी गोड बोलणं हे शिकून ती परत यायची. आणि तिच्या त्या कामामुळेच पाहुण्यालाही आठवडा परवडायचा.

ही पोरं ब्रिटिश करारावर युरोपात कामाला पाठवली जात. ब्रेक्झिटमुळे जानेवारी 2021 पासून ते थांबलं. ब्रिटिश नागरिकाला आता शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि तेही काम न करता. स्कीचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे चार महिन्यांचा. कामाचा परवाना काढायचा तर खर्च आणि खटपट अशी की अनेक कंपन्यांनी शॅले बंद केली किंवा कमी केली. उरलेल्यांच्या नोकरीच्या जाहिरातीत आता युरोपीय पासपोर्ट हवा असं लिहिलेलं असतं. ज्याची आजी आयरिश, त्याचं काम होतं. बर्नलीच्या बसचालकाच्या मुलीचं होत नाही.

मी लँकाशरमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत काम करते आणि सहलींचे कागद माझ्या टेबलावरून जातात. पूर्वी शाळेच्या स्की सहलीला गटातल्या मुलांची एकच यादी चालायची. भारतीय किंवा पाकिस्तानी पासपोर्ट असलेली मुलंही त्या यादीवर व्हिसाशिवाय युरोपात जाऊन यायची. ती सोयसुद्धा 2021 पासून गेली. फ्रान्सने 2023च्या अखेरीस शालेय गटांना सवलत दिली, हे चांगलं झालं. पण इतर बहुतेक देशांसाठी मराठी घरातल्या मुलाला, त्याचे आईबाबा इथे नर्स किंवा इंजिनिअर म्हणून नुकतेच आलेले असतील तर, मैत्रिणी-मित्रांबरोबर ऑस्ट्रियाला जायलाही स्वतंत्र व्हिसा काढावा लागतो. सहलीचे हजारावर पौंड वेगळेच. व्हिसाची अपॉइंटमेंट वेळेत मिळाली नाही म्हणून नाव मागे घेताना त्या आया माझ्याशी जे बोलतात ते ऐकवत नाही.

काही लोक म्हणतात, स्कीइंग श्रीमंतांची चैन आहे, महागलं तर महागलं. त्यांना मी डेव्ह रायडिंगची आठवण करून देते. हा आमच्याच लँकाशरचा. लहानपणी पेंडलच्या कृत्रिम उतारावर स्की शिकला. तिथे बर्फाऐवजी प्लास्टिकचे ब्रश असतात आणि पडलं की कातडी सोलते. 22 जानेवारी 2022 रोजी त्याने किट्झब्युलला स्लॅलम जिंकली. ज्या देशाने या शर्यती सुरू केल्या, त्या देशाच्या माणसाने अल्पाइन विश्वचषकाची शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या दिवशी तो पस्तीस वर्षांचा होता. अशी पोरं पुढेही येतील, पण प्लास्टिकच्या उतारावरून खऱ्या डोंगरावर न्यायला शाळेची एखादी स्वस्त सहल, एखादा हंगाम, कुणीतरी उघडं ठेवलेलं दार लागतं.

फ्रँकचा भाव आणि आल्प्समधलं तापमान कुठलंही सरकार एका सहीने बदलू शकत नाही. परवान्यांचं तसं नाही. मे 2025 मध्ये लंडनला ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात तरुणांच्या ये-जा योजनेवर बोलायचं ठरलं. 2027 मध्ये ब्रिटन इरॅस्मस प्लस या युरोपीय शिक्षण योजनेत परत जाणार हेही जाहीर झालं आहे, पण ते विद्यापीठ, कॉलेज, शाळा यांच्यासाठी. हंगामी काम करणाऱ्या मुलांचा विचार तरुणांच्या योजनेत व्हायला हवा, आणि शालेय गटांना फ्रान्सने दिलेली सवलत इतर देशांकडूनही मागायला हवी. ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला या दोन गोष्टींबद्दल पत्र लिहा, आणि शाळेने तुमच्या मुलाला व्हिसामुळे सहलीतून वगळलं असेल तर त्या पत्रात तेही लिहा.