कर्ज फिटले, पण घराचे कागद कुणाच्या तिजोरीत?



दोन महिन्यांपूर्वीच्या पौर्णिमेची गोष्ट. विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि मंडळी पांगली. एक मावशी मात्र हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दाराशीच थांबल्या होत्या.

"भाऊ, कर्ज फिटलं, ६१ दिस झाले. पण घराचे कागद देत न्हाईत. नव्या कंपनीत गेलं की म्हणत्यात, जुन्या कंपनीकडं असतील. जुन्यांकडं गेलं की म्हणत्यात, तुमचं खातंच आता आमच्याकडं न्हाई."

मावशींचे पती नगरपालिकेत सफाई कामगार होते. दोन खोल्यांच्या घरासाठी त्यांनी एका वित्त कंपनीकडून कर्ज घेतले. पाच वर्षांनी ते वारले. घर आणि कर्ज दोघांच्या नावावर होते. मावशींनी चार घरची पोळी-भाजी करून आणि मुलाच्या पगारातून हप्ते भरले. मध्येच एक इंग्रजी पत्र आले होते. ते कुणी वाचले नाही, ट्रंकेत पडून राहिले. त्यात लिहिले होते की तुमचे कर्ज आम्ही दुसऱ्या कंपनीला विकले आहे, यापुढे हप्ता तिकडे भरावा.

"आपलं कर्ज आपल्याला न विचारता विकतात?" असे पुष्कळ जण विचारतात. होय, विकता येते. वाण्याने आपली उधारीची वही दुसऱ्याला विकावी, तसाच हा प्रकार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात येणे रक्कम दुसऱ्याला लेखी देण्याची सोय आहे. बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जे कशी विकावीत, याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिले. विक्रीमुळे आपल्या कर्जाच्या अटी सहसा बदलू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. विक्रीची लेखी सूचना मिळण्यापूर्वी जुन्या कंपनीकडे भरलेला पैसा कायद्याने ग्राह्य धरला जातो. सूचना मिळाल्यावर मात्र नव्या मालकाकडेच भरायचा.

खरा घोळ कागदांचा होतो. विक्रीच्या करारात प्रत्येक कर्जदाराच्या कागदांची यादी असते. मूळ कागद कोणाच्या ताब्यात राहतील, कोणत्या तिजोरीत, आणि कर्ज फिटल्यावर ते कोणी बाहेर काढून द्यायचे, हे त्यात ठरते. कधी जुनी कंपनीच नव्या मालकाच्या वतीने ते सांभाळते, कधी तिसऱ्याच संस्थेच्या गोदामात ते जातात. पण त्या करारावर आपली सही नसते. म्हणूनच त्यांची आपसातली व्यवस्था हे आपल्याला कागद न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

१८८२ च्याच कायद्याचे ६० वे कलम सांगते की गहाणाचे पैसे पूर्ण फेडल्यावर मालमत्तेचे कागद परत मिळणे हा गहाण ठेवणाऱ्याचा हक्क आहे. त्याला मुदतीची जोड रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने दिली. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. घरकर्ज धरून वैयक्तिक कर्जांसाठी तो आहे. बुडीत कर्जे विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांनाही तो बांधील आहे. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत सर्व मूळ कागद द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. त्यांच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले तर दुय्यम प्रती मिळवून देण्यास मदत करायची, खर्च कंपनीने सोसायचा. त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात.

आम्ही एकच अर्ज लिहून दोन्ही कंपन्यांना दिला. सोबत मंजुरीपत्र, विक्रीचे ते पत्र, शेवटची पावती आणि बेबाकी दाखला जोडला. कागद जुन्या कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या तिजोरीत निघाले. ८० व्या दिवशी ते मावशींच्या हाती आले. पण सोसायटीचे मूळ भागपत्र त्यांत नव्हते. कंपनीचा बाबू म्हणाला, "ते तुम्ही दिलंच नसेल."

तेव्हा मावशींनी पिशवीतून पिवळा पडलेला एक कागद काढला. कर्ज घेताना त्यांच्या यजमानांनी दिलेल्या कागदांची यादी करून तिच्यावर कंपनीचा शिक्का आणि सही घेतली होती. तिसऱ्या ओळीत भागपत्राचा क्रमांक होता. माणूस पाचवीपर्यंत शिकलेला, पण शिक्का मिळेपर्यंत खुर्चीवरून उठला नव्हता. बाबू गप्प झाला. दुय्यम भागपत्राचा खर्च कंपनी करणार, हे लेखी मिळाले. ५० दिवसांच्या उशिराचे अडीच लाख रुपये मागणारा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला आहे. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. तिथे तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

तेव्हा घरोघरी एवढे करा :

१) कर्ज घेताना दिलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी करा, तिच्यावर शिक्का-सही घ्या. झेरॉक्स घरी ठेवा.
२) कंपनीचे पत्र इंग्रजीत असले तर शिकलेल्या मुलाकडून किंवा विहारातल्या कार्यकर्त्याकडून वाचून घ्या.
३) कर्ज विकल्याचे कळताच नव्या मालकाला लेखी विचारा : माझे मूळ कागद कुठे आहेत?
४) कर्ज फिटताच तारीख घालून कागद मागा. यादीशी ताडून पाहिल्याशिवाय "सर्व मिळाले" अशी सही करू नका.
५) सोसायटीच्या दप्तरातला किंवा सातबारावरचा बोजा उतरला का, तेही पाहा.
६) कर्जदार वारला असेल तर वारसांनी स्वस्थ बसू नये. वारसांना कागद देण्याची पद्धत ठरवून ती आपल्या संकेतस्थळावर लावणे कर्ज देणाऱ्यांना बंधनकारक आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या मांडीवर असे. त्यात काय लिहिले आहे, हे आपल्याला तो सांगेल तेवढेच कळे. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली, ती अशा वेळी चालवायची असते. घर घामाने होते, पण ते आपले आहे हे कागद सांगतो. त्या यजमानांनी हे ओळखले होते. तुमच्या कपाटात अशी शिक्क्याची यादी आहे का? आज रात्री जेवणे झाल्यावर एकदा पाहाच.

जय भीम! नमो बुद्धाय!