आयतवार कुणाचा?

मंडळी, येत्या शनिवार-रविवारी आमच्या आळीत आणि आसपास काय काय आहे ते आधी सांगते. शनिवारी संध्याकाळी पाचला मधुमेहावर व्याख्यान. रविवारी सकाळी साडेसहाला समुद्रकिनारा स्वच्छता, टोप्या आणि हातमोजे तिथेच मिळतील. नऊ ते एक मोफत नेत्रतपासणी. दहाला मुलांची चित्रकला स्पर्धा. दुपारी चारला बायकांसाठी बचतगटाच्या कर्जाची माहिती. आणि सहाला त्याच मंडपात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, कारण मंडपाचं भाडं दिलेलंच असतं!

दीड दिवसात सहा कार्यक्रम. सोमवार ते शुक्रवार फळा कोरा.

कार्यक्रम करणारी मुलं चांगली आहेत. पदरमोड करतात, खुर्च्या स्वतः उचलतात. माझं म्हणणं त्यांच्या वाराबद्दल आहे. अलिबाग आणि आसपासच्या किनाऱ्यावर रविवार हा सुट्टीचा वार राहिलेलाच नाही. तो आठवड्यातला सगळ्यात कामाचा वार झाला आहे, आणि हे आम्ही अजून मनावर घेतलेलं नाही.

शुक्रवारी रात्रीपासून बघा. पूर्वी मुंबईहून येणाऱ्याला वडखळचा नाका तरी थोपवून धरायचा. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, आता गाडीसकट माणूस तासाभरात इकडे उतरतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. येऊ देत, समुद्र काही आमच्या सातबाऱ्यावर नाही. पण आलेल्यांना जेवण लागतं, खोली लागते, मिनीडोर लागते, शहाळं लागतं. ते सगळं देणारी माणसं आमच्याच आळीतली आहेत. माझ्या वर्गातून गेलेल्या निम्म्या मुली आज कुठे कॉटेज सांभाळतात, कुठे घरगुती जेवण देतात. त्यांतल्या एकीला मी कर्जाच्या माहितीला ये म्हटलं, तर म्हणाली, "बाई, आयतवारी दुपारी चारला मी सकाळची भांडी घासत असते आणि रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ मोजत असते. कशी येऊ?" कर्जाची माहिती हवी कुणाला? हिलाच. आणि नेमकी हीच मंडपात नसणार.

कोळीण बायकांचंही तेच. मासे खाणाऱ्या घरांत वार ठरलेले असतात. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातला रविवार सगळ्यात मोठा. त्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत ती पाटीपाशी बसलेली असते, आणि आम्ही तिचे डोळे तपासायचं शिबिर ठेवतो रविवारी नऊ ते एक! ज्यांनी वर्षातून दोनदा मुंबईला जाऊन डोळे दाखवले आहेत, ते आम्ही पेन्शनर रांगेत पहिले. डॉक्टर विचारतात, "कोळीवाड्यातून कुणीच नाही आलं?" मग कुणीतरी सांगतं, "त्यांच्यात अजून जागृती नाही हो." हे वाक्य ऐकलं की माझा रक्तदाब तपासायची वेळ येते. जागृती भरपूर आहे. सवड नाही.

पुरुषांचं गणित आणखी वेगळं, ते वारावर चालतच नाही. डोल लावणाऱ्याला पाण्याला ओढ लागते. अमावास्या-पुनवेच्या उधाणात त्याला मान वर करायला फुरसत नसते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंदावतं, तेव्हा त्याला जरा उसंत. जाळी शिवायची, घरची कामं बघायची, ती त्या दिवसांत. कोळीवाड्यात सभा घ्यायची तर तिथी बघून घ्यावी, हे साधं गणित आमच्या आजीला कळत होतं. आम्ही मात्र मोबाईलमधलं कॅलेंडर उघडतो आणि लाल रंगाचा रकाना शोधतो.

हा लाल रकाना तरी आला कुठून? गिरण्यांतल्या माणसाला एके काळी आठवड्याची सुट्टीच नव्हती. साहेब चर्चला जायचा, त्याच्या कचेऱ्या बंद राहायच्या, पण मजूर साच्यावर उभाच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीमजुरांना एकत्र करून ही सुट्टी मागितली, झगडून मिळवली. १० जून १८९० ही त्याची तारीख. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडलं होतं असं सांगतात. म्हणजे ती सुट्टी आभाळातून पडली नाही. ज्या माणसांना विश्रांती हवी होती, त्यांचं जगणं बघून तो वार ठरला. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या मुंबईला तो शोभला. आमच्याकडे भोंगा नव्हता, तरी शाळा-कचेऱ्यांबरोबर तो आला आणि रुळला.

आणि गंमत म्हणजे, लोखंड्यांच्याही कितीतरी आधीपासून आठवड्याची सुट्टी कडक पाळणारी माणसं याच किनाऱ्यावर होती. बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांचं नाव ठेवलं 'शनवार तेली'. शेजारच्या गावकऱ्याला माहीत असायचं की आज तेल मिळणार नाही, काल आणायला हवं होतं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. आमची इस्राएल आळी आणि तिथलं मागेन आबोथ सिनेगॉग मात्र आहे. मला त्यात आवडतं ते हे, की अख्ख्या गावाला शेजाऱ्याचा वार पाठ होता. आज आम्हाला शेजारणीचा वार ठाऊक नाही. तिचा मोकळा दिवस कोणता, असं तुम्ही आळीत शेवटचं कधी विचारलंत?

(पुण्याच्या भाच्यांनो, तुम्ही हसाल की मावशी कुठून कुठे पोचली! पण थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे.)

शिबिर चुकलं तर पुढच्या वर्षी होईल. ग्रामसभेचं काय? शहरात आम्हाला नगरपरिषद आहे, पण नागाव, आक्षी, वरसोली, किहीम, रेवदंडा ही सगळी ग्रामपंचायतींची गावं. ग्रामसभेच्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेल्या तारखा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तारखा राष्ट्रीय आहेत, त्यांचा मान आहे. पण याच तारखांना जोडून सुट्ट्या येतात, आणि याच दिवशी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. गावातली कमावती माणसं तव्यावर, स्टिअरिंगवर, घोडागाडीवर. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतला जो आकडा कमी तो लागतो. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग विहिरींचं पाणी कॉटेजना किती द्यायचं, कचऱ्याची गाडी कुठे रिकामी करायची, किनाऱ्यावर गाड्या उतरू द्यायच्या की नाही, हे कोण ठरवतं? ज्यांना वेळ आहे ते. ज्यांच्या अंगणातून ती गाडी जाणार, ते त्या वेळी कुणाला तरी सोलकढी वाढत असतात. कायद्याने या तारखांच्या पलीकडे सभा घ्यायला मनाई नाही. वर्षातली एक तरी मोठी सभा साध्या मंगळवारी रात्री घेऊन बघावी, मग गर्दी मोजावी.

आता दुसरी बाजू. शाळेतल्या मुलांना रविवारच मोकळा, हे मी कसं नाकारू? आयुष्यभर तोच रविवार मीही मोजला. चित्रकला स्पर्धा रविवारी सकाळी असू द्या. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली मुलं रविवारीच घरी येतात, तेही खरं. कचेरीतल्या मंडळींना तर फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे ती संख्या आमच्याकडे मोठी. वक्तेही रविवारीच मिळतात. पण हे सगळं मान्य केल्यावर लक्षात काय येतं? आमचे कार्यक्रम पगारी माणसाच्या आणि पाहुण्या वक्त्याच्या सोयीने चालतात. त्याला 'सार्वजनिक' म्हणायचं तर म्हणा.

किनारा स्वच्छतेचं तर मला हसूच येतं. रविवारी सकाळी सात वाजता आपण वाळू झाडतो, फोटो काढतो, आणि अकरा वाजता कणसं, बाटल्या, पुड्या यांची पहिली फेरी सुरू! झाडायचं तर सोमवारी सकाळी झाडा. आणि तेही ओहोटी-भरती बघून, कारण रात्रीची भरती येऊन गेली की अर्धा कचरा पाण्यात जातो आणि आपल्याला वाटतं किनारा स्वच्छ आहे. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारा प्रत्येक पाहुणा ओहोटीची वेळ विचारून घेतो. आम्ही इथलेच असून विचारत नाही.

जत्रांकडे बघा ना. कार्तिकात कनकेश्वर, वरसोली, आवास, मग मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौल. सगळ्या तिथीवर. बुधवार असो की शुक्रवार, माणूस काम आटोपून जातो, रात्री जातो, कारण जत्रा एका तासाची नसते. शिमगा जवळच्या रविवारी ढकलला असं कधी ऐकलंय? कोजागिरी मात्र आम्ही ढकलायला लागलो. पुनवेचा चंद्र गुरुवारी, आणि मसाला दूध शनिवारी. चंद्र थोडा कापलेला, पण सगळे जमतात म्हणे. कोण सगळे? पुन्हा आपणच.

सध्या रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लागल्या आहेत. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. त्या माळांमागे बसलेल्या चार-पाच जणींना मी दोन आठवडे एकच प्रश्न विचारला, तुमचा मोकळा वार कोणता? बहुतेकींनी मंगळवार सांगितला, रात्री जेवणं उरकल्यावर. एक म्हणाली, मोकळा असा नाही, पण सोमवारी पाय कमी दुखतात.

तेव्हा येत्या मंगळवारी रात्री साडेआठला आमच्या आळीतल्या ओटीवर कर्जाचीच माहिती पुन्हा आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी यायचं कबूल केलं आहे. मंडप नाही, माईक नाही, हारतुरे नाहीत. चहा आहे. बसायला आपापली चटई आणावी.