भिंतीवरचे गालिचे आणि ४८ बळी

१४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिन शहराच्या आर्टेन भागातील ‘स्टारडस्ट’ या नृत्यगृहाला आग लागली आणि ४८ तरुण जीव गेले. बहुतेक सारे भोवतालच्या कामगार वस्त्यांतले. बाहेर पडण्याचे काही दरवाजे कुलूपबंद वा अडवलेले होते, हे सर्वश्रुत आहे. भिंतींवर शोभेसाठी गालिच्याचे तुकडे चिकटवले होते, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडीच झाली.

जमिनीवर अंथरलेला गालिचा सहसा रेंगाळत जळतो. तोच भिंतीवर उभा लावला की ज्वाळा वर चढतात, वरच्या भागाला आधीच तापवतात आणि आग पाहता पाहता वेग घेते. हे शास्त्राला तेव्हाही अज्ञात नव्हते. ब्रिटिश मानक ४७६ मधील चाचणीत नमुना प्रखर उष्णतेसमोर धरून त्यावरून ज्वाळा किती सरकते ते मोजतात. १० मिनिटांत ती १६५ मिलिमीटरपुढे गेली नाही, तरच पहिला वर्ग मिळतो. मोजमाप उपलब्ध होते. परंतु सभागृहाच्या एका भागाची प्रतिकृती उभारून ती पेटवून पाहिली गेली, ती ४८ मृत्यूंनंतर!

पुढे काय झाले? १९८२ च्या न्यायिक चौकशीने आग बहुधा कोणी मुद्दाम लावली असावी, असा निष्कर्ष काढला. संशयाची छाया मृतांवर व वाचलेल्यांवर पडली आणि मालकांना नुकसानभरपाई मिळाली. तो निष्कर्ष निराधार होता, हे मान्य व्हायला २००९ साल उजाडले. अखेर २०२४ मध्ये ज्यूरीने हे सारे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवध ठरवले, आगीचे मूळ विजेच्या बिघाडात असल्याचे सांगितले आणि भिंतीवरच्या गालिच्यांनी आगीला हातभार लावला, हेही नोंदवले. त्यासाठी आप्तांना ४३ वर्षे झगडावे लागले.

भिंतीवर काय लावायचे हे मालक ठरवतो. जळायचे मात्र आत बसलेल्याने. म्हणूनच अग्निचाचणी हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही, तो श्रमिकांच्या जीविताचा प्रश्न आहे. सार्वजनिक इमारतीच्या अंतर्सजावटीची चाचणी स्वतंत्र प्रयोगशाळेत व्हावी, तिचा दाखला दर्शनी भागी लावावा आणि त्याविना परवाना मिळू नये, ही मागणी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी लावून धरली पाहिजे. प्रतिकृती जाळून शहाणपण शिकण्याची पाळी पुन्हा येऊ नये.