रक्त पातळ करणारी औषधे आणि आपले कर्तव्य

हृद्रोगतज्ज्ञांच्या नव्या औषधांशी आम्हां वैद्यांचा संबंध नाही, ही समजूत आता सोडावयास हवी. वॉरफरिन १९५४ पासून मानवी उपचारात आहे. २००८ पासून पुढे डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान आली. यांना वारंवार आयएनआर तपासणी लागत नाही. त्यामुळे रुग्ण निर्धास्त असतो व आम्हांस सांगावयाचे विसरतो.

जळवेच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही. त्याच धर्तीचे बायव्हॅलिरुडिन अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरले जाते. मग ज्याचे रक्त आधीच पातळ केलेले आहे, त्यास न विचारता जलौका लावणे हा अविचार नव्हे काय? अधिक मात्रेतील लसूण व गुग्गुळ यांविषयीही हेच तारतम्य हवे.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. वैद्याच्या शब्दावरून स्टेंटच्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल अकाली बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. ते औषध थांबविण्याचा निर्णय हृद्रोगतज्ज्ञांचाच होय.

आमची विनंती एवढीच : वैद्यबंधूंनी केसपेपरवर ‘रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय?’ ही ओळ घालावी, आणि औषधी दुकानदारांनी कल्प हाती देण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा. यात शास्त्राला उणेपणा नाही; रुग्णाचे रक्षण आहे.