अर्जुनाचा विषाद आणि घरातील तरुण

तालुक्याच्या गावाहून एखादा तरुण स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येतो. सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत त्याचे दिवसाचे दहा-बारा तास जातात. दोनदा अपयश पदरी आलेले असते, घरून येणाऱ्या पैशांचे ओझे मनावर साठत असते. हळूहळू झोप उडते, डबा अर्धा तसाच परत जातो, मित्रांचे फोन उचलणे बंद होते. सणाला तो घरी आला की आईच्या हे ध्यानात येते, पण वडीलधारे म्हणतात, "एवढ्या-तेवढ्याने खचून कसे चालेल? मन घट्ट कर." जोडीला, अंतःकरणाचे दुबळेपण टाकून ऊठ, हा गीतेतील उपदेशही ऐकवला जातो.

बोलणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. परंतु गीतेचा आधार घ्यायचा, तर ती क्रमाने वाचली पाहिजे. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच मुळी अर्जुनविषादयोग असे आहे. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, गांडीव हातातून निसटू लागले, हे अर्जुन सांगत राहतो आणि श्रीकृष्ण मध्येच न तोडता ते ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दुबळेपणा सोडण्याचे ते शब्द येतात खरे. पण त्यांनी अर्जुन उठत नाही. तो शिष्यभावाने मार्ग विचारतो, लढण्यास नकार देतो आणि स्तब्ध बसतो. खरा संवाद तेथून पुढे सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. कानउघाडणीने जे साधले नाही, ते दीर्घ संवादाने साधले. शिवाय, एवढ्या मोठ्या धनुर्धराने मदत मागितली, म्हणून त्याला कोणी भित्रा ठरवले नाही.

अर्थात, अर्जुनाचा विषाद आणि वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते तो विकार, या दोन गोष्टी एक नव्हेत. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ते आजाराचे चिन्ह समजावे. मधुमेह झालेल्याला कोणी मनोबलाने साखर उतरव असे सांगत नाही. मग येथेच तो आग्रह का? समुपदेशन आणि औषधे यांनी बहुसंख्य रुग्णांना उतार पडतो. मात्र औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागताच ती परस्पर थांबवणे घातक ठरते.

तरीही उपचारांपर्यंत पोहोचतात ते थोडेच. २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने याचा गंभीरपणे विचार केला पाहिजे.

शासन आणि न्यायालये यांनी काही पावले उचलली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र तणावाखालील व्यक्ती म्हणून पाहण्याची दिशा दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते, तेही मराठीतून. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश दिला. आपल्या पाल्याच्या संस्थेत तो नेमला आहे काय, हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

परंतु पहिला आधार घरानेच द्यायचा असतो. मुलगा बोलू लागला, की सल्ला आवरून ऐकावे. शेजारच्या यशस्वी मुलाचा दाखला देऊ नये. मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. एरवीही डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला कोणीतरी सोबत जावे, आणि नातेवाइकांत त्याची वाच्यता होऊ नये. घरी बोलणे जमत नसेल, त्या तरुणाने आत्या, मामा, शिक्षक, खोलीतील मित्र यांपैकी एकाजवळ तरी मन मोकळे करावे. वस्तीतील दहा घरांत ज्याची ऊठबस आहे, अशा कार्यकर्त्याचेही येथे काम आहे. बैठकीला येणारा मुलगा महिनाभर फिरकला नाही, तर निरोप न धाडता त्याच्या घरी जाऊन यावे.

श्रीकृष्णांनी अर्जुनाच्या हातातील धनुष्य स्वतःकडे घेतले नाही आणि रथ सोडून ते निघूनही गेले नाहीत. सारे सांगून झाल्यावर, विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असे त्यांनी त्याच्यावरच सोपवले. खचलेल्या तरुणाला घरात असा सारथी हवा असतो.