टाचदुखी: दोष वाढलेल्या हाडाचा नव्हे

ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांत कामाला उसंत राहत नाही. फेलफूट काढणे, शेंडा मारणे, डिपिंग, विरळणी आणि मग थेट एप्रिलपर्यंत चालणारी काढणी. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्यांतल्या बायका यातली बरीचशी कामे मांडवाखाली दिवसभर उभ्याने, हात वर करून करतात. पायांत पातळ झालेली रबरी स्लीपर असते. संध्याकाळी स्वयंपाकाला पुन्हा उभे राहायचे, तेही अनवाणी. अशा दिनक्रमात टाच दुखू लागली तर नवल नाही. खेदाची गोष्ट ही, की त्या दुखण्यावर ‘हाड वाढलंय’ एवढे एकच निदान चिकटवले जाते आणि बाई ते आयुष्यभराचे समजून सोसत राहते.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. पायाची कमान सावरण्याचे मोठे काम तो करतो. फार वेळ उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, सपाट किंवा फार उंच कमान, कडक जमीन यांमुळे त्याच्या टाचेकडच्या टोकावर पुन्हा पुन्हा ताण येतो आणि तिथले तंतू झिजू लागतात. टाचदुखीचे सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच. चाळिशी ते साठीच्या दरम्यान ते अधिक दिसते. झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते आणि पट्टा आखडतो. सकाळी पहिले पाऊल टाकताच तो ताणला जातो आणि टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला कळ उठते. थोडे चालल्यावर ती ओसरते, दिवसभराच्या उभ्या कामानंतर पुन्हा डोके वर काढते. ही खूण इतकी ठळक आहे की विचारपूस करून आणि अंगठ्याने दाबून पाहून बहुधा निदान होते. एक्स-रे दरवेळी लागत नाही.

एक्स-रे काढला की त्यात अनेकदा हाडाचा छोटा काटा दिसतो आणि सगळा दोष त्याच्यावर जातो. पण टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेतही असा काटा असतो. तो तसाच राहूनही दुखणे बरे होते. हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे, कारण वाढलेल्या हाडाच्या धास्तीने माणूस साधे उपायही सोडून देतो.

दुखते कुठे आणि केव्हा, यावरून इतर कारणेही ओळखता येतात. मागच्या बाजूला दुखत असेल तर पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तपासावी. टाचेच्या मधोमध ठणकत असेल तर तिथली चरबीची गादी वयाने पातळ झालेली असू शकते. जळजळ आणि मुंग्या नस दबल्याचे सुचवतात. खेळणाऱ्या 8 ते 14 वर्षांच्या मुलांत टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग दुखावतो. नवरात्रात सवय नसताना पायी सप्तशृंगगड गाठल्यावर टाच दुखली, तर बहुतेक वेळा तो अचानक वाढलेल्या चालण्याचा परिणाम असतो; मात्र दोन्ही बाजूंनी टाच दाबल्यावर तीव्र कळ आली तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर कण्याच्या संधिवाताची तपासणी टाळू नये.

पट्ट्याचे दुखणे बहुतेकांत वर्षभरात शस्त्रक्रियेविना आटोक्यात येते. सकाळी पाऊल टेकण्याआधी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरावीत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. घरातही मऊ तळव्याची चप्पल घालावी. तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम काही आठवड्यांचा असतो. ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा किंवा चरबीची गादी आणखी पातळ होण्याचा धोका असतो.

डॉक्टर विश्रांती सांगतात, आणि सल्ला योग्यच असतो. पण उक्त्या कामात थांबणे म्हणजे मजुरी बुडवणे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे ज्याच्या बागेत काम चालते, त्यालाही यात वाटा उचलावा लागेल. निर्यातीच्या द्राक्षाचा मणी इथे मिलिमीटरमध्ये मोजला जातो. त्याच बागेच्या खर्चाच्या वहीत टोळीसाठी जाड, मऊ तळव्याच्या पादत्राणांचा खर्च बसू शकतो. काही वेळ बसून, काही वेळ उभ्याने अशी कामाची पाळी लावता येते आणि पॅकहाउसच्या सिमेंटवर रबरी मॅट टाकता येते. छाटणीपूर्वी मुकादमाशी मजुरीचा दर ठरतो, तेव्हाच हेही ठरवून घ्यावे.