खिडकीजवळची जागा



या वेळचं संपादकीय मौजेबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकते. मोर्चे, शिबिरं, कोर्टाच्या तारखा यांत बुडालेल्या आपण. केवळ गंमत म्हणून प्रवास केला असं लिहायला हात अडखळतो. घरीसुद्धा आपण 'मीटिंग आहे' असंच सांगून बाहेर पडतो. मीही बार्सेलोनाला मीटिंगलाच निघाले होते. पण पॅरिसहून विमानानं न जाता मुद्दाम आगगाडी पकडली. ते साडेसहा-सात तास निव्वळ माझे होते.

गाडी दुमजली. वरच्या मजल्यावर खिडकीजवळची जागा. पॅरिस ते लिआँ हा फ्रान्समधला पहिला वेगवान मार्ग १९८१ साली सुरू झाला. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे काय ते आत बसून कळत नाही. रुळांजवळची झुडपं पुसली जातात, लांबच्या गाई मात्र जागच्या जागी उभ्या. कपातली कॉफी हिंदकळतही नाही. समोर एक आजीबाई विणत होत्या. 'एकट्याच निघालात?' असं कुणी विचारलं नाही. लेडीज डब्यात धक्के खात भाजी निवडणाऱ्या मैत्रिणींना हे सुख फोड करून सांगायला नको.

खरी गंमत मात्र वेग उतरल्यावर. माँपेलिए ते पेर्पिन्याँ अजून जुनेच रूळ आहेत. गाडी हळू होते आणि एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला खारी सरोवरं, त्यात रोहित पक्षी. मी पुस्तक मिटून ठेवलं.

पुढे पिरेनीज डोंगराखालचा आठ किलोमीटरचा बोगदा. आत शिरताना फ्रान्स, बाहेर पडलं की स्पेन. तिथे मला सेर्बेर आठवलं.

सेर्बेर हे समुद्रकाठचं, जुन्या मार्गावरचं सरहद्दीचं स्टेशन. स्पेनचे रूळ रुंद, फ्रान्सचे अरुंद. त्यामुळे एकीकडचा डबा दुसरीकडे जात नसे. मिरजेला गाडी बदललेल्या जुन्या बायकांना हे लगेच समजेल. स्पेनची संत्री इथे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावी लागत. ते काम बायका करत, टोपल्या भरभरून. १९०६ साली त्यांनी मजुरी वाढवून मागितली, संघटना बांधली, संप केला, गाड्या अडवायला रुळांवर ठाण मांडलं. फ्रान्समधल्या बायकांच्या अगदी सुरुवातीच्या संपांत तो गणला जातो. पुढे डब्यांचे आसच बदलण्याची सोय झाली आणि टोपल्या गेल्या. नव्या मार्गानं तर सेर्बेरला वळसाच घातला. आज त्या गावात या बायकांचं स्मारक आहे, पण वेगवान गाडीतून ते दिसत नाही.

युरोप संत्री खात होता ती या बायकांच्या हातून गेलेली. त्यांतल्या कितीजणी कधी तिकीट काढून, हात मोकळे ठेवून खिडकीशी बसल्या असतील?

हेही सांगायला हवं, की ही मौज स्वस्त नाही. महिनोन् महिने आधी तिकीट काढलं तर परवडतं. आयत्या वेळी निघणारीला विमानच स्वस्त पडतं. आणि डिसेंबर २०१३ मध्ये पॅरिस-बार्सेलोना थेट वेगवान गाडी आली तेव्हाच तिथली रात्रीची गाडी बंद झाली. झोपून जायचं, सकाळी पोचायचं, हॉटेलचा खर्च नाही, ही सोय गेली.

परत आल्यावर आमच्या खजिनदार ताईंनी हिशेबाची वही पुढे ओढली. विमानापेक्षा जास्त झालेले पैसे मी माझे भरले होते, तरी त्यांनी विचारलं, "हा प्रवास कुठल्या खात्यात दाखवू?" मी म्हटलं, "मौज नावाचं नवीन खातं उघडा." त्या हसल्या नाहीत. दोघीजणींनी माझी बाजू घेतली. एकीनं विचारलं, गावातल्या कार्यकर्त्यांना एस.टी.चं भाडं वेळेवर मिळत नाही तिथे ही चैन कशाला? तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही, पण मी खातंही मागे घेतलेलं नाही. विषय पुढच्या बैठकीत आहे. तुमच्या गटात कार्यकर्तीच्या मौजेला पैसे ठेवता का, ते पत्रानं कळवा.